लॅम्बटनची कबर, हिंगणघाट: जाण्याआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्धा जिल्ह्यातल्या खेड्यांत मी बरीच वर्षं भूगोल शिकवला. दर हिवाळ्यात पोरांना घेऊन हिंगणघाटला लॅम्बटनच्या कबरीवर जायचो, अजूनही जातो. त्यामुळं फोनवर, बाजारात, लग्नाच्या मांडवातसुद्धा लोक मला या कबरीबद्दल विचारतात. जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले ते इथं एकत्र केले आहेत. सोपे आधी, अवघड नंतर. जिथं उत्तर दुसऱ्या प्रश्नात आलं आहे तिथं त्याचा क्रमांक दिला आहे.

१. हिंगणघाटला कोण्या इंग्रजाची कबर आहे म्हणतात, तो नेमका कोण?

लेफ्टनंट कर्नल विल्यम लॅम्बटन. महात्रिकोणमितीय सर्वेक्षण म्हणून जे ओळखलं जातं, म्हणजे त्रिकोणांच्या जाळ्यानं केलेली भारताची मोजणी, त्याचा पहिला प्रमुख. त्यानं १८०२ मध्ये मद्रासजवळ मोजणी सुरू केली. ती पुढं हिमालयापर्यंत गेली आणि त्याच मोजणीच्या जाळ्यातून जगातल्या सर्वांत उंच शिखराची उंची निघाली. हैदराबादहून नागपूरला मुक्काम हलवत असताना, २० जानेवारी १८२३ रोजी, तो हिंगणघाटला वारला. वय सत्तरीच्या आसपास. त्यातली शेवटची वीस वर्षं तंबूत गेली.

२. एव्हरेस्टचीच कबर ना ती?

नाही. ही गल्लत फार होते. जॉर्ज एव्हरेस्ट हा लॅम्बटनचा सहायक. लॅम्बटन गेल्यावर त्यानं काम पुढं नेलं. तो इंग्लंडला परतला, १८६६ मध्ये वारला आणि तिकडंच पुरला गेला. शिखराला त्याचं नाव १८६५ मध्ये मिळालं, तेही त्याची स्वतःची हरकत असताना. शिखराच्या उंचीचं गणित करणारे राधानाथ सिकदार १८३१ मध्ये नोकरीला लागले, म्हणजे लॅम्बटन जाऊन आठ वर्षं झाल्यावर. तिघांची नावं एका दमात घेतली जातात, पण हिंगणघाटच्या मातीत आहे तो फक्त लॅम्बटन.

३. जायचं कसं?

हिंगणघाट तालुक्याचं गाव आहे, वणा नदीकाठी. नागपूर-हैदराबाद महामार्गानं (राष्ट्रीय महामार्ग ४४) नागपूरहून दीड-दोन तासांत पोचता. वर्ध्याहून साधारण चाळीस किलोमीटर. रेल्वेनं यायचं तर वर्धा-बल्लारशा मार्गावर हिंगणघाट स्टेशन आहे; दिल्ली-चेन्नईची मुख्य लाइन हीच, पण सगळ्याच गाड्या थांबत नाहीत, तेवढं बघून घ्या.

गावात पोचल्यावर नुसतं ‘लॅम्बटन’ म्हणून विचारलं तर तरुण पोरं डोकं खाजवतात. ‘जुन्या इंग्रज सायबाची कबर, तो मोजणीवाला’ असं एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. मी अजूनही तसंच विचारायला लावतो पोरांना. रस्ता सांगता सांगता माणूस गावाची चार गोष्टी जास्तीच्या सांगतो.

४. तिकीट, वेळ, गाइड?

बाग, तिकीट खिडकी, माहिती सांगणारा माणूस, अशी तयारी मनात धरून येऊ नका. माहिती आधी वाचून या, नाहीतर दहा मिनिटांत बघून परत फिराल. दिवसाउजेडी जा, आणि आजूबाजूला ज्यांचा राबता आहे त्यांना दोन शब्द सांगून मगच आत पाय ठेवा. पन्नास पोरांची सहल आणणार असाल तर नगरपरिषदेला आधी कळवलेलं बरं.

५. कोणत्या महिन्यात यावं?

दिवाळीनंतर ते फेब्रुवारी. मे महिन्यात इथं पारा पंचेचाळीसला टेकतो, लहान पोरांना घेऊन अजिबात येऊ नका. मला स्वतःला जानेवारीचा तिसरा आठवडा आवडतो. संक्रांत नुकतीच झालेली असते, तुरी कापणीला आलेल्या असतात, पऱ्हाटीवर शेवटच्या वेचणीचा कापूस असतो. लॅम्बटन वारला तोही याच दिवसांत, हे पोरांना वावराकडं बोट दाखवून सांगता येतं.

६. त्यानं केलं काय, सोप्या भाषेत सांगा.

एक रेघ जमिनीवर साखळीनं अगदी काटेकोर मोजायची. तिला आधाररेषा म्हणतात. मग तिच्या दोन टोकांवरून लांबच्या एका टेकडीकडं बघायचं आणि दोन्हीकडचे कोन मोजायचे. त्रिकोणाची एक बाजू आणि दोन कोन कळले की उरलेल्या दोन बाजू गणितानं निघतात, चालत जाऊन मोजाव्या लागत नाहीत. निघालेली बाजू हीच पुढच्या त्रिकोणाची आधाररेषा. असे त्रिकोणाला त्रिकोण जोडत जायचं. नदी, जंगल, डोंगर काही आलं तरी नजर पोचली की झालं.

पहिली आधाररेषा मद्रासला सेंट थॉमस माउंटजवळ, साधारण १२ किलोमीटरची. १० एप्रिल १८०२ ला सुरुवात झाली आणि एवढ्याशा अंतराला ५७ दिवस लागले. तिथून आधी पूर्व किनाऱ्यापासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत त्रिकोण नेले, तेव्हा कळलं की आधीच्या नकाशांत दक्षिण भारत जवळजवळ ६४ किलोमीटर जास्त रुंद काढला होता. मग कन्याकुमारीच्या बाजूनं उत्तरेकडं लांब पट्टा सुरू झाला. लॅम्बटननं तो मध्य भारतापर्यंत आणला, एव्हरेस्टनं १८४१ पर्यंत हिमालयाच्या पायथ्याशी नेऊन पूर्ण केला. एकूण लांबी सुमारे २४०० किलोमीटर.

लॅम्बटनच्या मनातला खरा प्रश्न नकाशाचा नव्हताच. पृथ्वी ध्रुवांकडं किती चपटी आहे, हे त्याला शोधायचं होतं. विषुववृत्ताजवळ अक्षांशाचा एक अंश साधारण ११०.६ किलोमीटरचा भरतो, ध्रुवाजवळ १११.७ चा. हा किलोमीटरभराचा फरक पकडायचा तर मोजणी किती नेटकी हवी, विचार करा.

७. साखळीनं मोजलं म्हणता. आमचे मोजणीवालेही साखळीनंच मोजायचे. मग त्यात विशेष काय?

विशेष आहे, आणि विदर्भातल्या माणसाला ते चटकन पटेल, कारण ऊन आपल्याला ठाऊक आहे.

आपल्याकडची जमीनमोजणीची साखळी ३३ फुटांची, तिचे सोळा आणे म्हणजे सोळा भाग. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. लॅम्बटनची साखळी पोलादाची, १०० फुटांची, अडीच-अडीच फुटांच्या चाळीस दांड्यांची. पोलाद तापलं की वाढतं. शंभर फुटांची साखळी एका अंश सेल्सिअसला साधारण एक तृतीयांश मिलिमीटर वाढते. सकाळ आणि दुपार यांत लोखंड वीस अंशांनी तापलं तर एका साखळीमागं सात मिलिमीटर. हे काहीच नाही वाटतं. पण बारा किलोमीटरच्या रेघेत ती साखळी चारशेच्या आसपास वेळा ठेवावी लागते. सात गुणिले चारशे, म्हणजे पावणेतीन मीटर. आणि आधाररेषेतच चूक झाली तर ती पुढच्या प्रत्येक त्रिकोणात शिरते.

म्हणून साखळी जमिनीवर टाकायची नाही, लाकडी पेट्यांत सरळ धरायची, वर सावली करायची, जवळ तापमापक ठेवायचा आणि प्रत्येक वेळी तापमान टिपून हिशेबात धरायचं. ५७ दिवस लागले ते यामुळं. धुऱ्यावरून हातभर जमिनीसाठी कोर्टात गेलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांना हे सांगितलं की ती गप्प होऊन ऐकतात.

८. ते यंत्र फ्रेंचांनी पळवलं होतं ही गोष्ट खरी आहे का?

खरी आहे. कोन मोजायचं यंत्र, म्हणजे थिओडोलाइट, लंडनहून येत असताना फ्रेंचांनी जहाज पकडलं आणि मॉरिशसला नेलं. पेटीत काय आहे हे कळल्यावर तिथल्या फ्रेंच गव्हर्नरनं ते परत पाठवलं. यंत्राचं वजन जवळजवळ अर्धा टन. ते माणसांच्या खांद्यांवरून टेकडीवर चढवायचं.

१८०८ मध्ये तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरावर ते चढवताना दोर तुटला, यंत्र भिंतीवर आदळलं आणि त्याचं मोठं वर्तुळ वाकलं. लॅम्बटन तंबूत बसून राहिला आणि सुमारे सहा आठवडे पाचरी, स्क्रू आणि कप्प्या वापरून ते केसाकेसानं ओढत पुन्हा गोल केलं. त्यानंतर त्याच यंत्रावर पुढची वर्षानुवर्षं काम झालं. माझ्या मते त्या माणसाची खरी ओळख तंजावरच्या त्या तंबूत आहे. हिंगणघाटला पोरांना एकच गोष्ट सांगायला वेळ असेल तर हीच सांगा.

९. म्हणजे ती मोठी रेषा हिंगणघाटवरून गेली का?

नाही. लांब पट्टा ७८ रेखांशाच्या जवळून, थोडा पश्चिमेकडून गेला. हिंगणघाट त्याच्या बरंच पूर्वेला आहे. विदर्भात ती रेषा वऱ्हाडातून गेली. अचलपूरच्या बाजूचं टाकळखेडं हे त्यातलं महत्त्वाचं ठाणं होतं. लॅम्बटन हिंगणघाटला होता तो हैदराबाद-नागपूर वाटेवर म्हणून. ती वाट आज महामार्ग झाली आहे, तुम्ही त्याच वाटेनं याल.

१०. १८२३ मध्ये इथं तर नागपूरकर भोसल्यांचं राज्य होतं. मग इंग्रजाला मोजायला कोणी येऊ दिलं?

हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त आवडतो, कारण याच्या उत्तरात सगळं राजकारण आहे.

नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीची लढाई झाली. अप्पासाहेब भोसले हरले, १८१८ मध्ये गादीवरून गेले, आणि लहान वयाच्या तिसऱ्या रघूजींना बसवून कारभार रेसिडेंट, म्हणजे दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी, रिचर्ड जेंकिन्सनं हातात घेतला. वर्धा नदीच्या पलीकडचं वऱ्हाड निजामाकडं होतं, आणि निजाम आधीच इंग्रजांच्या तैनाती फौजेत अडकला होता. म्हणजे राज्य नावाला भोसल्यांचं नि निजामाचं, पण मोजणीवाल्यांना अडवील असं कोणी उरलं नव्हतं. सर्वेक्षणाला ‘महात्रिकोणमितीय’ हे मोठं नाव मिळालं आणि ते थेट गव्हर्नर जनरलच्या हाताखाली आलं तेही १८१८ च्या सुरुवातीलाच. पेशवाई बुडण्याचं सालही तेच. मद्रासमध्ये काम सुरू झालं ते श्रीरंगपट्टणला टिपू पडल्यावर तीन वर्षांत. फौज पुढं आणि साखळी तिच्या मागोमाग, हा क्रम सगळीकडं दिसतो.

११. गुरुजी, आमच्या वावराची मोजणी, सातबारा, हे सगळं याच सायबानं केलं का?

नाही. ही दोन वेगळी कामं. लॅम्बटनचे त्रिकोण पंचवीस-तीस, कधी पन्नास किलोमीटरच्या बाजूंचे. त्यांत तुमचं वावर सोडा, गावही दिसत नाही. वावराची मोजणी म्हणजे महसुली मोजणी, ती सारा ठरवण्यासाठी झाली आणि नंतर झाली. वऱ्हाडात १८६० च्या दशकात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी मोजणी झाली. वर्धा, नागपूरकडं मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा मालगुजारामार्फत भरायची पद्धत होती, ती १९५१ मध्ये गेली. तुमच्या आजोबांच्या तोंडी ‘मालगुजार’ शब्द असेल, तर तो या दुसऱ्या मोजणीच्या दुनियेतला.

पण दोन्हींचा संबंध मुळीच नाही असंही नाही. मोठ्या त्रिकोणांनी सांगाडा दिला, बारीक नकाशे त्याला धरून बसवले गेले.

१२. मग हा संशोधक होता की हेर? सरळ सांगा.

सरळ सांगतो: तो सैनिक होता. अमेरिकेच्या युद्धात लढला, १७८१ मध्ये यॉर्कटाउनला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसनं शरणागती पत्करली तेव्हा कैद झाला, आणि १७९९ मध्ये टिपूविरुद्धच्या लढाईत होता. मोजणीचा पगार ईस्ट इंडिया कंपनीनं दिला. कंपनीला नकाशे हवे होते ते फौज हलवायला, सारा वसूल करायला, पुढं रस्ते आणि रेल्वे टाकायला. ज्या कापसासाठी हिंगणघाटचं नाव व्यापारात गाजलं, तो बंदरापर्यंत नेणाऱ्या रुळांनाही नकाशा लागलाच. हे लपवण्यासारखं नाही आणि लपवूही नये.

आणि तरीही त्याचं गणित खोटं नव्हतं. तो माणूस पृथ्वीच्या आकारामागं लागला होता. त्यासाठी त्यानं आयुष्य वेचलं, आणि जे आकडे काढले ते आजही तपासून बघता येतात. हेर लपून काम करतो. लॅम्बटन टेकडीच्या माथ्यावर झेंडा लावून उघड काम करत होता, कारण त्याला लपायची गरज नव्हती, सत्ता त्याची होती. ‘हेर’ या शब्दापेक्षा मला ही गोष्ट जास्त बोचते.

मी पोरांना दोन्ही गोष्टी सांगतो आणि एकीनं दुसरीला झाकू देत नाही.

१३. आपल्याकडं मोजणी नव्हतीच का? इंग्रजांनीच शिकवली का?

असं कोणी सांगत असेल तर ते चूक आहे. अकराव्या शतकात अल्-बिरूनी या विद्वानानं पंजाबातल्या नंदना किल्ल्यावरून कोन मोजून पृथ्वीची त्रिज्या काढली. अकबराच्या काळात तोडरमलच्या व्यवस्थेत जमीन मोजायचा दोर बदलून लोखंडी कड्यांनी जोडलेले बांबू आले, कारण दोर भिजला की आखडतो आणि रयतेचा हिशेब चुकतो. (सातव्या प्रश्नातल्या तापलेल्या साखळीशी हे ताडून बघा, अडचण तीच आहे.) आपल्या दख्खनमध्ये मलिक अंबरची जमाबंदी अनेक पिढ्यांच्या तोंडी होती. लॅम्बटननं आणलं ते एकाच मापानं अख्खा उपखंड बांधायचं काम, आणि ते करायला लागणारी सत्ता आणि पैसा.

१४. गावच्या लोकांनी विरोध केला नाही का?

केला, आपल्या परीनं. दुर्बिणीतून चित्र उलटं दिसायचं, त्यामुळं हा गोरा माणूस आपल्या बायकांना बघतो, उलटं करून बघतो, अशी शंका लोकांना आली. ती हसण्यावारी नेऊ नका. न सांगता, न विचारता कोणी तुमच्या घराकडं नळी रोखून बसला तर तुम्हीही भांडाल. नजरेच्या वाटेत आलेली झाडं तोडली गेली. उत्तरेच्या सपाट मुलखात पुढं एव्हरेस्टच्या काळात घरंसुद्धा पाडली.

१५. यंत्र उचलणारे, साखळी धरणारे कोण होते? त्यांची कबर कुठं आहे?

कुठंच नाही.

मोजणीच्या तुकडीत खलाशी (इथं अर्थ यंत्र वाहणारे, साखळी धरणारे मजूर) होते, झेंडेवाले, हमाल, बंडीवाले, पहाऱ्याचे शिपाई. त्यात मद्रासच्या सर्वेक्षण शाळेत शिकलेली, आई भारतीय आणि बाप गोरा अशी पोरंही होती, लॅम्बटनबरोबर वाढलेली. त्यांच्यापैकी जोशुआ डी पेनिंगसारख्या काहींची नावं कागदावर राहिली. पण टेकडीवर झेंडा घेऊन एकटं थांबणाऱ्या माणसाचं नाव फारसं कुठं नाही.

उन्हाळ्यात धुळीनं लांबचं दिसत नाही, म्हणून काम पावसाळ्यात आणि पावसाळा उलटता उलटता चालायचं, हवा धुतलेली असते तेव्हा. तेच दिवस मलेरियाचे. माणसं तापानं गेली, वाटेतच गाडली किंवा जाळली गेली, तुकडी पुढं निघाली. तुम्ही कबरीसमोर उभे राहाल तेव्हा हे मनात असू द्या. एका माणसाला चिरेबंदी जागा मिळाली, बाकीचे हिशेबात ‘मजूर’ म्हणून राहिले.

१६. सर, तुम्ही लॅम्बटनला ‘तो’ म्हणता. ‘ते’ का नाही? मोठा माणूस ना?

एका आईनं फोनवर विचारलं होतं, मुलाला निबंध लिहायचा होता म्हणून.

मराठीत आपण ज्यांना आपलं मानतो त्यांना ‘ते’ म्हणतो, आणि परके राज्यकर्ते पुस्तकांत ‘तो’ होऊन येतात. लॅम्बटनला ‘तो’ म्हणताना मी त्याचा अपमान करत नाही, की जवळीकही दाखवत नाही. राधानाथ सिकदारांना मात्र ‘ते’ म्हणतो. मुलानं निबंधात ‘ते’ लिहिलं तरी मी गुण कापणार नाही. पण मग खलाशांनाही ‘ते’ म्हणायचं, हे ठरवून घ्या.

१७. कबरीवर फुलं वाहिली, अगरबत्ती लावली तर चालेल का?

एखादं फूल ठेवलं तर कोणाचं काही जात नाही. हळदकुंकू, शेंदूर, तेल नको; दगडावर डाग बसतो तो निघत नाही. नारळ फोडू नका. हा ना संत, ना देव. त्याच्याकडं कोणी काही मागायला यावं असं त्याच्या आयुष्यात काही नव्हतं. ज्यांना फूल ठेवायची इच्छा नाही त्यांनीही हात मागं बांधून दोन मिनिटं उभं राहावं, एवढं पुरे.

१८. गुलामीची खूण आहे ती. काळं फासायला, पाडायला काय हरकत आहे?

हा प्रश्न रागानं येतो, आणि राग कुठून येतो ते मला कळतं. तरी माझं उत्तर नाही असंच आहे.

पुतळा आणि कबर यांत फरक आहे. पुतळा कोणीतरी ठरवून, चौकात, मान द्यायला उभा करतं. तो तिथं असावा की नसावा यावर गावानं बोलावं, भांडावं, हवं तर हलवावा. कबर म्हणजे माणूस जिथं पडला ती जागा. आपल्या गावात कोणी वाटसरू मेला तर त्याची माती करतो, तो कोण होता हे नंतर विचारतो. उत्तर प्रदेशात गाझीपूरला कॉर्नवॉलिसची प्रचंड थोरली कबर आहे, पुरातत्त्व खात्यानं राखलेली. ज्या माणसानं बंगालच्या शेतकऱ्यावर कायमधारा लादला त्याची ती. तीही कोणी पाडली नाही. लॅम्बटनची जागा तिच्यापुढं काहीच नाही.

कायद्याचं म्हणाल तर भावना दुखावण्याच्या हेतूनं दफनभूमीत घुसणं किंवा मृताची विटंबना करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०१ खाली गुन्हा आहे. पण मी कायद्याच्या धाकानं सांगत नाही. राग असेल तर पंधराव्या प्रश्नातल्या माणसांसाठी बाजूला फलक लावायची मागणी करा. सही करायला मी येतो.

१९. लेख वाचता येत नसेल तर खडूनं घासून वाचावा का?

नाही. खडू, कोळसा, पाणी, ब्रश काही नको. संध्याकाळचं तिरकं ऊन पडतं तेव्हा कोरलेली अक्षरं आपोआप उठून दिसतात. ऊन नसेल तर मोबाइलची बॅटरी दगडाला अगदी लागून, बाजूनं धरा. कोणताही झिजलेला शिलालेख असाच वाचतात.

२०. शाळेची सहल आणली तर पोरांकडून काय करून घ्यावं?

भाषण नको. त्रिकोण करून घ्या. मी असं करतो.

मैदानात दोन खुंट्या, मध्ये बरोबर २० मीटर. लांब एक कडुनिंब. पहिल्या खुंटीवरून झाडाकडं बघायचं, पुठ्ठ्यावर चिकटवलेला मोठा कोनमापक आणि त्यावर फिरणारी पट्टी. कोन आला ७०. दुसऱ्या खुंटीवरून ६५. आता वहीत एक सेंटिमीटरला दोन मीटर धरून त्रिकोण काढायचा: पाया दहा सेंटिमीटर, दोन्ही कोन, आणि रेघा मिळतील तिथं झाड. दुसऱ्या खुंटीपासून झाडापर्यंतची बाजू साधारण १३.३ सेंटिमीटर येते, म्हणजे २६.६ मीटर. दहावीच्या पुढच्यांना साइनच्या सूत्रानं करायला लावा. मग टेप लावून खरं अंतर मोजा. आमचं एकदा २६ मीटर १० सेंटिमीटर भरलं. अर्ध्या मीटरचा फरक. पट्टी झाडाच्या बुंध्याच्या मधोमध लावली नव्हती, ते पोरांनीच शोधून काढलं.

त्या दिवशी शेवटी वहीत ‘मोजणी करणारे’ म्हणून नावं लिहायची होती. कोन वाचणाऱ्यांनी, गणित करणाऱ्यांनी लिहिली. एक मुलगी झाडाखाली तासभर लाल फडकं धरून उभी होती. ती मला म्हणाली, ‘सर, मी पण लिहू ना माझं नाव? मी नुसती झेंडा धरून होती.’ तेव्हापासून आमच्या वहीत दोर धरणारे, खुंटी ठोकणारे, पाणी आणणारे, सगळ्यांची नावं आधी येतात.

२१. मोबाइलनं किंवा जीपीएसनं मोजणी केली तर गुन्हा होत नाही ना?

नाही. फेब्रुवारी २०२१ च्या केंद्राच्या नव्या धोरणानंतर भारतीयांना नकाशे आणि मोजमापासाठी आधी परवानगी घ्यावी लागत नाही. संवेदनशील ठिकाणं सोडून, अर्थात. ड्रोन मात्र वेगळ्या नियमांत येतो, तो उडवायचा तर आधी नियम बघा.

२२. जुन्या सर्वे नकाशावरचा बिंदू मोबाइलवर शंभर मीटर सरकतो. लॅम्बटनची चूक का?

नाही. जुने भारतीय नकाशे पृथ्वीच्या ज्या आकारावर बसवले आहेत तो एव्हरेस्टनं या मोजणीतून काढलेला, आणि मध्य भारतातल्या कल्याणपूरला धरून बसवलेला. मोबाइलचं जीपीएस उपग्रहांवरून काढलेला वेगळा आकार वापरतं. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत, फक्त मोजायची सुरुवात वेगळी. आकडे एका पद्धतीतून दुसरीत बदलून घेतले की बिंदू जागेवर येतो. विहीर, पाइपलाइन, धुरा असल्या कामाला जुना अक्षांश-रेखांश तसाच मोबाइलवर टाकू नका. एका कास्तकारानं तसं करून विहिरीची जागा शेजाऱ्याच्या वावरात दाखवली होती आणि दोघांत उगाच वाजलं.

२३. ते मोठं यंत्र बघायला मिळेल का?

हिंगणघाटला नाही. ते देहरादूनला भारतीय सर्वेक्षण विभागाकडं जपून ठेवलं आहे. लॅम्बटनचा चेहरा बघायचा असेल तर चेन्नईला सेंट थॉमस माउंटवर त्याचा अर्धपुतळा आहे.

२४. एवढ्या लांबून यायचं तर दिवसभरात आणखी काय बघता येईल?

सकाळी तर्री-पोहे खाऊन कबर, मग परतीच्या वाटेवर सेवाग्राम आणि पवनारचा आश्रम. पोरं मोठी असतील आणि गाडी स्वतःची असेल तर समुद्रपूर तालुक्यातलं गिरडही होतं. म्हातारी माणसं सोबत असतील तर गिरडची टेकडी सोडा, पवनारला धाम नदीच्या काठावर बसवा.